कोपऱ्यातले नऊ तुकडे

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चौरस आहे आणि माझी बाजू किती लांब आहे, हे मला स्वतःलाही ठाऊक नाही. हसू नका. मला मुद्दाम तसेच बनवले आहे.

माझा जन्म एका शाळेच्या मागच्या व्हरांड्यात झाला. तिथे एक मोडका बाक कित्येक महिने पडून होता. एके दिवशी गणिताच्या बाईंनी सुताराला बोलावले आणि बाकाच्या फळीवर हात ठेवून म्हणाल्या, "यातून मला एक मोठा चौरस काढून द्या. मग दहा पट्ट्या, त्या चौरसाइतक्याच लांब आणि बोटभर रुंद. आणि तीस चिमुकले चौरस, बोटभर लांब, बोटभर रुंद."

"सोपं आहे," सुतार म्हणाला.

"थांबा, पुढे ऐका. चिमुकले चौरस मोठ्याच्या कडेला ओळीनं लावले, तर पाच बसले पाहिजेत, थोडी जागा उरली पाहिजे, आणि त्या जागेत सहावा काही केल्या बसता कामा नये."

सुताराने कानामागची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानामागे खोचली. "बाई, माप जुळलं नाही म्हणून वडिलांचा मार खात मी हा धंदा शिकलो. आणि तुम्ही म्हणता, जुळणार नाही असं काप?"

"जुळलं तर पोरं मोजत बसतील. मोजून आकडा मिळाला की डोकं बंद. याची बाजू कोणालाच कळता कामा नये. याची बाजू आहे क्ष."

"कोण क्ष?"

"तेच तर शोधायचं असतं."

सुतार मान हलवत कामाला लागला. पण काम त्याने चोख केले. माझ्या चारही कडा त्याने कानशीने घासल्या, मला निळा रंग दिला, पट्ट्यांना पिवळा आणि चिमुकल्यांना तांबडा. शेवटी सरकत्या झाकणाची एक पेटी केली. ती मात्र अगदी मापात. इतकी मापात की आम्ही सगळे आत गेलो की हलायला तसूभरही जागा उरत नसे. मापाविना काम करायला लावले, त्याचा राग त्याने बहुधा त्या पेटीवर काढला असावा.

सगळ्यांत खाली मी. माझ्या अंगावर दहा पट्ट्या, त्यांच्यावर तीस चिमुकले आणि त्यांच्यावर झाकण. पहिल्यांदा झाकण सरकले तेव्हा मी घाबरलो होतो. पण दुसऱ्याच दिवशी ते उघडले, आणि पुढे रोज उघडत राहिले. रोज उघडणार असेल तर पेटीचे काही वाटत नाही, मित्रांनो.

तुम्ही वर्गसमीकरणे शिकला असाल. त्यांतली काही गुणी असतात. दोन संख्या सापडल्या की ती मधोमध मोडतात आणि उत्तर हातात ठेवतात. त्याला तुम्ही अवयव पाडणे म्हणता. पण काही समीकरणे मोडतच नाहीत. कितीही जोड्या लावून बघा, एकही जुळत नाही. अशा समीकरणांना मोडायचे नसते, पूर्ण करायचे असते. त्याच कामासाठी बाईंनी आम्हाला घडवले होते. मुले मला टेबलावर ठेवत, माझ्या दोन बाजूंना पट्ट्या लावत आणि मग रिकामा राहिलेला कोपरा चिमुकल्यांनी भरत. कोपरा भरला की एक मोठा चौरस तयार होई आणि बाई हातातला खडू टेबलावर आपटून म्हणत, "झाला पूर्ण!" मग मुले मला पेटीत ठेवू लागली की त्या थांबवत. "लाकूड संपलं. गणित संपलेलं नाही," असे म्हणून त्या फळ्याकडे वळत.

माझे खूप कौतुक झाले. दुसऱ्या शाळांतले शिक्षक मला बघायला आले. एका पाहुण्याने मला उलटेपालटे करून "वा!" म्हटले, पण कशासाठी ते त्याला सांगता आले नसते, असे मला आपले वाटले.

मग बाई दुसऱ्या गावी गेल्या. त्याच आठवड्यात एक चिमुकला हरवला. कोणाच्या तरी खिशातून गेला, की केरात गेला, ते शेवटपर्यंत कळले नाही. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, प्रयोगशाळेत आल्या आणि म्हणाल्या, "इतकी सुंदर वस्तू अशी उघड्यावर टाकायची नाही. जपून ठेवा." त्या दिवसापासून आमची फारच काळजी घेतली जाऊ लागली. म्हणजे आम्हाला लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावले गेले.

अकरा वर्षे, मित्रांनो.

पावसाळ्यात पेटीचे लाकूड फुगे, तेव्हा झाकण आणखी घट्ट बसे आणि पट्ट्या माझ्या पाठीत रुतत. उन्हाळ्यात कपाटाचा पत्रा तापे आणि माझ्या रंगाचा वास मलाच नकोसा होई. शेजारी एका पारड्याचा तराजू होता. त्याच्या पलीकडे प्लास्टरचा भला मोठा कान होता, विज्ञानाच्या वर्गातला. मी त्याला कितीदा हाका मारल्या! पण तो नुसता नमुना होता. त्याच्या आत सगळे काही होते, फक्त ऐकू येत नव्हते.

मला मात्र ऐकू येई. कपाट भिंतीला टेकून होते आणि भिंतीपलीकडे गणिताचा वर्ग भरे. बाईंच्या जागी आता सर आले होते. सर वाईट नव्हते हं. वेळेवर येत, कोणाला हिणवत नसत, अक्षरही ठळक काढत असावेत, कारण खडूचा आवाज मोठा येई. पण त्यांची एक रीत होती. आधी दोन उत्तरे मनात धरायची आणि मग त्यांच्यापासून उलटे चालत समीकरण बांधायचे. तीन आणि चार धरले की झाले एक गणित. सात आणि दोन धरले की झाले दुसरे. साहजिकच त्यांचे प्रत्येक समीकरण मोडत असे. सर विचारत, "गुणाकार बारा, बेरीज सात?" आणि चाळीस आवाज ओरडत, "तीन आणि चार!" अकरा वर्षे मी हेच ऐकत आलो. शाळेतल्या सगळ्या मुलांची खात्री झाली होती की जगातले प्रत्येक समीकरण मोडते, आणि जे मोडत नाही ते चुकीचे छापले आहे.

मला ओरडून सांगावेसे वाटे. पण लाकूड ओरडत नाही.

आता मी तुम्हाला मावशींबद्दल सांगतो. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा झाडायला, पुसायला त्या येत. सगळी शाळा त्यांना मावशी म्हणे, पण वय असेल पस्तिशीच्या आत. मला त्या कितीतरी दिवस फक्त आवाजाने ठाऊक होत्या. बादली ठेवल्याचा आवाज, फडके पिळल्याचा आवाज, आणि त्याच्या जोडीला पुटपुटणे.

"एक नि दहा... नऊ होतात. दोन नि पाच... तीन होतात. सहा कुठनं आणू?"

रोज हेच. फरशी पुसता पुसता दहाच्या जोड्या. त्यांची मुलगी याच शाळेत नववीत होती. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला टिकली म्हणत. शाळा सुटली की ती आईबरोबर घरी जायला प्रयोगशाळेतच थांबे.

"आई, सोड ना ते एकच गणित!"

"त्यानंच अडवलंय मला. त्याला सोडून पुढं कशी जाऊ?"

हळूहळू मला सगळी हकिकत कळली. मावशींची दहावी एका गणितावाचून राहिली होती. गेल्या वर्षी त्यांनी बाहेरून परीक्षा दिली. पेपरात आले, क्ष² + ६क्ष = १०. मावशींनी सरांच्या रीतीने दहाच्या सगळ्या जोड्या लावून पाहिल्या. उणे लावून पाहिले. अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी उत्तरपत्रिकेत अगदी नम्रपणे लिहिले, "प्रश्नात छापण्याची चूक आहे. सहाऐवजी नऊ असावे," आणि नऊ धरून गणित सोडवून टाकले. चार गुणांचा प्रश्न होता. मावशी तीन गुणांनी नापास झाल्या.

नंतर त्यांनी सरांना ते गणित दाखवले, तेव्हा भिंतीपलीकडून सरांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "बरोबरच लिहिलंत तुम्ही. नऊच असणार. नऊ धरलं की बघा कसं सुटतं, दहा आणि एक."

त्या दिवशी मी पेटीत जितका गुदमरलो, तितका कधी गुदमरलो नव्हतो.

आणि आता तर गोष्ट आणखी अडली होती. प्रयोगशाळेचे परिचर काका निवृत्त होणार होते. उपकरणे लावणे, धुणे, जपणे हे त्यांचे काम. मोठ्या बाईंनी एके संध्याकाळी येऊन मावशींना सांगितले, "काकांच्या जागी मला तुम्हीच हव्या आहात. तुमच्यासारखं काचसामान कोणी हाताळत नाही. पण दहावी पासची अट आहे, मी तरी काय करणार? सुट्टीनंतर शाळा पुन्हा उघडेपर्यंत निकाल हातात हवा. नाहीतर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल."

"आणि पुढच्या वर्षी पास झाले तर?"

"जागा एकदा भरली की पुढची वीस वर्षं भरली, मावशी."

मोठ्या बाई गेल्या आणि पुन्हा पुटपुटणे सुरू झाले, "एक नि दहा..."

काकांना निवृत्त होण्याआधी कपाटातल्या सगळ्या वस्तू तपासून द्यायच्या होत्या. एका दुपारी, मावशी पुन्हा देणार होत्या त्या परीक्षेला पंचवीस दिवस उरले असताना, कुलपात किल्ली फिरली. उजेड आला. मावशींनी धूळ झटकत एकेक वस्तू बाहेर काढली आणि आमच्या पेटीपाशी त्यांचा हात थांबला.

"काका, ही पेटी उघडत नाही."

"फुगली असेल. खालून टिचकी मार."

मावशींनी एक टिचकी मारली, दुसरी मारली आणि मग चक्क बुक्की मारली. झाकण सरकले. अकरा वर्षांनी मी कोणाचा तरी चेहरा पाहिला. घामेजलेला, केस कपाळाला चिकटलेले, आणि डोळे लहान मुलासारखे.

"अगंबाई! खेळणं आहे का हे?"

"खेळणं कसलं? गणिताच्या बाईंचं आहे. ती न सुटणारी गणितं असायची ना, ती याच्यावर सोडवायच्या."

मावशींनी हातातले फडके खाली ठेवले. "न सुटणारी?"

"हो. सगळं मीच मांडून द्यायचो."

"मग मांडा बघू. क्षचा वर्ग, सहा क्ष, बरोबर दहा."

"पोरी, मला गणित येत नाही. मला मांडणं येतं."

"तेच मांडा. टिकले, इकडे ये!"

काकांनी मला टेबलाच्या मधोमध ठेवले. त्यांच्या बोटांना जागा पाठ होती. "हा क्षचा वर्ग. पट्ट्या किती म्हणालीस?"

"सहा."

"निम्म्या याच्या उजवीकडे. निम्म्या खाली." तीन पट्ट्या माझ्या उजवीकडे लागल्या, तीन खाली. कित्येक वर्षांनी त्यांच्या कडा माझ्या कडांना भिडल्या. "आता बघ, हा कोपरा उघडा राहतो. तो भरायचा."

"कितीनं?"

"मला काय विचारतेस? भरून बघ."

मावशींनी तांबडे चिमुकले एकेक करून लावले. तीन, मग तीन, मग आणखी तीन. नऊ तुकड्यांनी कोपरा भरला.

"झाला चौरस. इथं बाई खडू आपटायच्या."

"मग पुढं?"

"पुढचं मला ठाऊक नाही. पुढचं फळ्यावर व्हायचं, आणि मी तिकडे पाठ करून परीक्षानळ्या धुवायचो."

मी टेबलावर पूर्ण होऊन पडलो होतो आणि पुढचे एक अक्षरही सांगू शकत नव्हतो. मग टिकली एकदम पुढे वाकली.

"आई, हे नऊ कुठून आणलेस तू?"

"पेटीतून. तुझ्यासमोरच तर काढले."

"तसं नाही गं! गणितात कुठे होते नऊ? तू या बाजूला नऊ टाकलेस, तर पलीकडे दहातही नऊ टाकायला हवेत. नाहीतर बरोबरच्या चिन्हाला काय अर्थ?"

"दहा नि नऊ... एकोणीस."

"म्हणजे हा सगळा चौरस मिळून एकोणीस!"

मावशींनी माझ्या वरच्या कडेवरून बोट फिरवत नेले, माझ्यावरून पट्ट्यांवर. "आणि याची बाजू... क्ष, आणि एक, दोन, तीन. क्ष अधिक तीन."

"मग क्ष अधिक तीन म्हणजे अशी संख्या, जिचा वर्ग एकोणीस. चार चोक सोळा. पाच पाचा पंचवीस. शी! मध्ये काहीच नाही."

"मध्ये काही नाही कसं?" मावशी म्हणाल्या. "सोळा आणि पंचवीसच्या मध्ये एकोणीस आहे, तर चार आणि पाचच्या मध्येही कोणीतरी असणारच. आपल्याला त्याचं नाव ठाऊक नाही एवढंच."

टिकलीने कपाळावर हात मारला. "अगं, नाव आहे! वर्गमूळ एकोणीस! तसंच लिहायचं असतं. म्हणजे क्ष बरोबर वर्गमूळ एकोणीस वजा तीन. आई, सुटलं!"

मावशी स्टुलावर बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, मला नीट दिसले नाही, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला होता. "वर्षभर मी याला तोडायला बघत होते गं. याला फक्त एक कोपरा भरून हवा होता."

"मोठ्या बाई येतील," काका म्हणाले. "आवरा आता."

आणि मित्रांनो, माझ्यावर पट्ट्या रचल्या जात असताना मला धडकी भरली. कारण गणित संपलेले नव्हते.

एकोणीस हा एकाच संख्येचा वर्ग नसतो. उणे वर्गमूळ एकोणीस, त्याचाही वर्ग एकोणीसच. म्हणून क्षला दुसरे उत्तर आहे, उणे वर्गमूळ एकोणीस वजा तीन. पण ते शून्याच्या पलीकडे राहते. लाकडाच्या चौरसाची बाजू उणे कशी असेल? कोणता सुतार ती कापणार? बाई होत्या तेव्हा त्या फळ्याकडे वळून ते उत्तर लिहीत. आता सांगणारे कोणी नव्हते, आणि मला मांडून मावशी जे शिकल्या ते निम्मेच होते.

पुढचे वीस-बावीस दिवस माझे सगळ्यांत आनंदाचे असायला हवे होते. काकांनी कपाटाची किल्ली कुलपातच राहू दिली. शाळा सुटली की रोज पेटी उघडे. मावशी स्वतःच गणिते रचत आणि त्यांची उत्तरे आधी धरत नसत. "आज चार बादल्या पाणी लागलं आणि सात फडकी धुतली. क्षचा वर्ग, चार क्ष, बरोबर सात. टिकले, मांड!" एकदा पाच पट्ट्या आल्या. पाचाचे निम्मे अडीच. मावशी काकांकडे बघू लागल्या.

"अर्धी पट्टी मनात काप," काका म्हणाले. "लाकडाला करवत लावायची नाही. मला यादी द्यायची आहे अजून!"

माझ्या कडांचा रंग उडू लागला. चिमुकल्यांवर बोटांचे डाग पडले. सगळे हसत, आणि मी रोज वाट बघे, आज तरी कोणी विचारेल का, दुसरे उत्तर कुठे आहे? त्या गणितांची उत्तरे कोणत्याच पुस्तकामागे छापलेली नव्हती, त्यामुळे चूक पकडणार कोण? रोज एकच उत्तर निघे. रोज मावशी त्याच्याखाली दोन रेघा मारत. दोन रेघा म्हणजे संपले. आणि झाकण सरके.

परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळा बंद करण्याचा हुकूम आला. कपाटाला पुन्हा कुलूप लागले. मावशींचा बैठक क्रमांक आला होता याच शाळेत, नेमका भिंतीपलीकडच्या वर्गात.

त्या सकाळी मी सगळे ऐकले. खुर्च्या सरकल्या, कागद वाटले गेले, घंटा झाली. मग शांतता. चाळीस लेखण्यांतली मावशींची कोणती, ते मला ओळखता येईना. त्या माझ्यापासून दोन हातांवर होत्या. मध्ये एक भिंत, एक पत्रा, एक झाकण, एकोणतीस चिमुकले, दहा पट्ट्या. पहिल्या तासाची घंटा झाली. दुसऱ्या तासाची झाली. मी मनात म्हणत होतो, मावशी, मी तुम्हाला अर्धवट शिकवले आहे. माझ्यावर थांबू नका. पण मी पेटीच्या तळाशी होतो, आणि मला तर माझी स्वतःची बाजूही सांगता येत नाही.

शेवटची घंटा झाली. पावले पांगली. मग चार दिवस कोणीच आले नाही.

पाचव्या दिवशी कुलूप उघडले. टिकलीचा आवाज उजेडाच्याही आधी कपाटात शिरला. "आता काकांसमोर सांग. तसलं गणित आलं होतं ना?"

"आलं होतं," मावशी म्हणाल्या. "क्षचा वर्ग, आठ क्ष, बरोबर पाच."

"मग?"

"मग मनात मांडलं. चार पट्ट्या इकडे, चार खाली. कोपऱ्यात सोळा. पाचातही सोळा. एकवीस झाले. क्ष बरोबर वर्गमूळ एकवीस वजा चार. दोन रेघा मारल्या."

माझ्यात जीव असता तर तो तिथेच गेला असता.

"आणि मग नुसती बसून राहिले. पंधरा मिनिटं होती. म्हटलं, काहीतरी चुकतंय. सरांच्या प्रत्येक गणिताला दोन उत्तरं असतात. फरशी पुसताना कानांवर पडतं ना, तीन आणि चार, सात आणि दोन. कधी एक नाही ऐकलं मी. मग माझंच एकटं कसं? दुसरं कुठंतरी अडकलं असणार."

टिकलीने "आई गं!" म्हणून डोके धरले. "उणे! आपण उणे विसरलो रोज!"

"हो ना. लाकडात ते दिसतच नाही. मी बाकावर बोटानं चौरस काढत होते आणि त्या पोराला, माझ्या शेजारच्या, वाटलं असेल बाईला वेड लागलं. मग आठवलं, उणे गुणिले उणे अधिक. म्हणजे उणे वर्गमूळ एकवीसचा वर्गही एकवीसच. लिहिलं ते. एक रेघ खोडली, खाली दुसरं उत्तर लिहिलं. घंटा झाली तेव्हा शेवटचा चार काढत होते. वाकडा आला जरा."

"वाकड्या चारलाही गुण असतात," काका म्हणाले.

मावशींनी मला पेटीतून काढून हातात घेतले. त्यांचा अंगठा माझ्या झिजलेल्या कडेवर होता. "यानं मला निम्म्यापर्यंतच नेलं, काका. पण निम्म्यापर्यंत तरी दुसरं कोण न्यायला आलं होतं?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यात खूप लोकांनी "वा!" म्हटले. पण हे एक वाक्य मी जपून ठेवले आहे.

निकाल शाळा उघडण्याच्या तीन दिवस आधी लागला. मावशी गणितात बेचाळीस गुण मिळवून पास झाल्या. मोठ्या बाईंनी त्याच दिवशी नेमणुकीचा कागद दिला. सर मुद्दाम प्रयोगशाळेत आले, टेबलावर मला बघून जरा घुटमळले आणि म्हणाले, "मावशी, पुढच्या आठवड्यात हे माझ्या वर्गात आणाल का? मांडून मात्र तुम्हीच दाखवायचं." मावशी म्हणाल्या, "आणते सर. दुसरं उत्तर तुम्ही दाखवा."

काकांनी जाताना यादी मावशींच्या हाती दिली. प्रत्येक वस्तूपुढे तिची स्थिती लिहायची असते. तराजूपुढे 'एक पारडे नाही' असे होते. आमच्यापुढे काकांच्या अक्षरात अकरा वर्षे एकच शब्द होता, 'उत्तम'. मावशींनी खाली नवी ओळ लिहिली, 'कडा झिजल्या आहेत. रोज वापरात.'

मोठ्या बाईंनी ते वाचले. "मावशी, झिजल्या असं कशाला लिहिता? वस्तू नीट सांभाळली नाही असा अर्थ निघतो."

"सांभाळली म्हणूनच झिजली, बाई," मावशी म्हणाल्या. मोठ्या बाईंनी सही केली.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, तुमच्याही घरात एखादी वस्तू 'उत्तम' म्हणून कुलपात असेल. तिला बाहेर काढा. एखादा तुकडा हरवेल, रंग उडेल, उडू द्या. अंधारात कोरे राहण्यापेक्षा ते बरे. आणि एखादे गणित काही केल्या मोडत नसेल, तर छापणाऱ्याला बोल लावू नका. पट्ट्या निम्म्या निम्म्या करा, कोपरा भरा, पलीकडच्या बाजूलाही तेवढेच द्या. मी तुम्हाला मदत करीन.

पण मी जिथे संपतो तिथे थांबू नका. शून्याच्या पलीकडे मला कधीच जाता येणार नाही. मी लाकडाचा आहे. तुम्ही नाही.